एका शोधनिबंधाचं सव्वाशे वर्षांचं आयुष्य

१९०१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जॉन फेथफुल फ्लीट यांचा सोळा पानांचा एक निबंध छापून आला. पानं ५३७ ते ५५२. शीर्षक दोनच शब्दांचं: 'तगर, तेर'. तेव्हा तेर हे निजामाच्या मुलखातलं, नळदुर्ग जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं एक गाव होतं. जिल्ह्याचं ठाणं उस्मानाबादला आलं ते त्यानंतर. वारकऱ्यांना गोरोबाकाकांचं तेर ठाऊक होतं. इंग्रजांच्या नकाशावर ते 'थैर' म्हणून एक ठिपका होतं. फ्लीटांनी दाखवून दिलं की इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पोथीत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर जे तगर नावाचं फार मोठं शहर सांगितलं आहे, ते हेच.

मी याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कोणत्या प्राध्यापकाचे किती शोधनिबंध, सहलेखक कोण, त्या निबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, या सगळ्याची नोंद ठेवणं हा माझ्या नोकरीचा एक मोठा भाग होऊन बसला आहे. संशोधकाला असं मोजण्याची रीत कुठून आली, कशासाठी आली आणि आपल्याकडे येताना तिचं काय झालं, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मी फ्लीटांचा निबंध हाताशी धरला. तो आमच्या मातीचा आहे, आणि त्याच्या मागचा नि पुढचा दोन्ही माग काढता येतो.

आधी मागचा माग. तगर कुठे, हा वाद फ्लीटांच्या आधी शंभरहून अधिक वर्षं चालला होता. १७८८ साली कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'चा पहिला खंड निघाला. त्यात ठाण्याला सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा ताम्रपट भाषांतरासह छापला होता. शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. त्याच खंडात फ्रान्सिस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्याने तगरवर टिपण लिहिलं आणि ते देवगिरीवर नेऊन ठेवलं. पुढे ग्रँट डफ यांनी बीडच्या ईशान्येला गोदावरीकाठी बोट ठेवलं. बर्जेस यांनी दौलताबादजवळचं रोझा धरलं. पंडित भगवानलाल इंद्रजी जुन्नर म्हणाले, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात धारूरचा पर्याय मांडला. ही सगळी माणसं आपापल्या विद्येत थोर होती. तेरचं नाव मात्र त्यातल्या कुणाच्याही उत्तरात नव्हतं.

फ्लीट मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतले, ताम्रपट-शिलालेख वाचण्यात आयुष्य घालवलेले. गुप्तांच्या लेखांचा त्यांचा खंड १८८८ चा आहे. त्यांनी पुलकेशी दुसरा याचा ६१२ सालचा ताम्रपट आधीच वाचला होता. त्यातलं दान ज्या ब्राह्मणाला मिळालं तो तगरचा राहणारा होता. म्हणजे सातव्या शतकातही हे नाव जिवंत होतं. पैठणपासूनचं अंतर सरळ रेषेत सुमारे ९५ मैल, गाडीवाटेने दहा दिवसांत गाठण्यासारखं. नाव झिजत झिजत तगरचं तेर होणं भाषेच्या नियमांत बसत होतं. आणि आधीच्या प्रत्येक मताला त्यांनी कारण देऊन बाजूला ठेवलं. उल्लेख करणं म्हणजे काय, हे या निबंधातून शिकावं. आधीचा माणूस कुठे पोचला होता आणि का अडला, हे सांगून पुढचं पाऊल टाकायचं.

आता पुढचा माग. निबंध निघाल्यावर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला आले. त्यांचा अहवाल खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक ग्रंथात आहे. गावातलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावं, हे त्यांनी त्याच्या मागच्या अर्धगोल भिंतीवरून ओळखलं. आंध्रातल्या चेजर्लाच्या कपोतेश्वराबरोबर हे मंदिर तेव्हापासून भारतीय वास्तूच्या पुस्तकांत जाऊन बसलं. १९१२ साली विल्फ्रेड शॉफ यांनी पेरिप्लसचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा तगरच्या टिपेत फ्लीटांचं म्हणणं सविस्तर दिलं. जगभर ते भाषांतर वाचलं गेलं आणि तेरचं नाव त्याच्याबरोबर फिरलं. १९५८ साली बा. ना. चापेकरांनी तेरला उत्खनन केलं. त्याचा अहवाल पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये छापला. मधे १९६० साली ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांची 'तेर' नावाची छोटी पुस्तिका मुंबईहून निघाली.

इथपर्यंत माग ठळक आहे. पुढे तो पुसट होत जातो. तेरवर आज जे लिहिलं जातं त्यात 'तेर, म्हणजेच प्राचीन तगर' असं कंसात किंवा स्वल्पविराम देऊन येतं आणि वाक्य पुढे जातं. शाळेच्या पुस्तकात येतं, वर्तमानपत्रात येतं, पर्यटनाच्या फलकावर येतं. फ्लीट कुठेच नसतात. त्यांचं म्हणणं इतकं पटलं, की ते कुणाचं तरी म्हणणं आहे हेच लोक विसरले. उलट विल्फर्डचा उल्लेख अजून होतो, कारण वादाचा इतिहास सांगायचा तर पहिली चूक सांगावीच लागते. निव्वळ आकडे लावले तर चुकलेला माणूस बरोबर आलेल्या माणसाच्या पुढे निघू शकतो. हे एका तेरचंच नाही. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच सांगून ठेवलं होतं, की ज्ञान सर्वांचं झालं की त्याच्या मूळ कर्त्याचं नाव त्यातून गळून जातं.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीवर चार पानांचा एक निबंध लिहिला. गुणसूत्रांवरची अंतरं काढण्याचं त्यांचं सूत्र आजही 'कोसंबी' या नावानेच वापरलं जातं. भाताच्या किंवा गव्हाच्या वाणावर काम करणाऱ्याला ते टाळता येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात संख्याशास्त्रावर जे लिहिलं, तो सिद्धांत मात्र जगभर पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांनी ओळखला गेला. एकच माणूस, सलग दोन वर्षं. एका कामाला नाव मिळालं, दुसऱ्याचं नाव दुसऱ्यांकडे गेलं. इतिहासाच्या क्षेत्रात त्यांनी जे उभं केलं ते या दोन्हींच्या पलीकडचं. कोसंबींना एका आकड्यात बसवायचं म्हटलं तर तो आकडा नेमकं काय सांगेल?

मोजण्याची रीत सुरू झाली ती माणसांना मोजण्यासाठी नव्हे, हे मला शोध घेताना कळलं आणि त्याचं मोल फार वाटलं. १८७३ मध्ये शिकागोकडच्या फ्रँक शेपर्ड यांनी वकिलांसाठी निवाड्यांची सूची सुरू केली. एखादा जुना निवाडा पुढे कोणत्या न्यायालयाने उचलून धरला, कोणत्या न्यायालयाने फिरवला, हे वकिलाला क्षणात दिसावं, एवढाच तिचा हेतू. पुढे १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस यांनी 'सायन्स'मध्ये एक लेख लिहिला. प्रश्न होता छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा: पैसे थोडे आहेत, रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचं १९२६ सालचं वर्ष घेतलं, त्यातल्या तळटीपा मोजल्या, आणि कोणत्या नियतकालिकाकडे अभ्यासक वारंवार जातात त्याची यादी केली. हा अगदी माझा प्रश्न आहे. दरवर्षी मार्चमध्ये नियतकालिकांच्या वर्गणीची रक्कम समोर ठेवून मी तोच विचार करते.

१९५५ मध्ये युजीन गारफिल्ड यांनी विज्ञानासाठी उल्लेखांची सूची असावी अशी मांडणी केली, आणि १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाहून ती सूची निघू लागली. एखाद्या जुन्या निबंधापासून पुढे चालत जाऊन त्याच्यावर कुणी काय रचलं हे शोधण्याचा तो रस्ता होता. आपल्याकडे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या परिषदेत ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली आणि तिला 'लायब्रमेट्री' म्हटलं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्रात मोजदादीचं मूळ तिथलं.

एकेका संशोधकाची मोजदाद करण्याचं काम भारतात ज्यांनी मनापासून केलं, त्यांत मुंबईची माणसं पुढे होती. १९९० मध्ये एस. के. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने व्यक्तीच्या प्रकाशनांचा असा अभ्यास कसा करावा हे मांडलं. त्यानंतर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ग्रंथालयातले व्ही. एल. कल्याणे आणि बी. एस. कडेमनी यांनी सर्व बाजूंनी चित्रं काढावीत तशी एकेका शास्त्रज्ञाची चित्रं लिहायला घेतली: चंद्रशेखर वेंकट रामन, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, बार्बरा मॅक्लिंटॉक, डोरोथी हॉजकिन, पुढे अहमद झवैल. आम्ही ग्रंथालयशास्त्र शिकलो तेव्हा नमुना म्हणून हेच लेख समोर असत. पद्धत चोख होती. आधी त्या माणसाच्या लेखनाची संपूर्ण सूची करायची. ती झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग वय आणि वर्ष यांप्रमाणे लेखन लावायचं: कोणत्या वयात भर आला, कुठे खंड पडला. एकट्याने किती, दोघांत किती, तिघांत किती. एकूण लेखनात भागीदारीतलं किती. सर्वांत जवळचे सहकारी कोण, ते कोणत्या काळात आले आणि कधी गेले. कोणत्या नियतकालिकांत लिहिलं, शीर्षकांत कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात.

असं चित्र वाचलं की माणूस दिसतो. मॅक्लिंटॉकबाईंनी मक्याच्या दाण्यांवर एकटीने केलेलं काम, त्यातली एकटेपणाची वर्षं, मग १९८३ चं नोबेल, हे सगळं त्या रेषांतून उभं राहतं. या मोजदादीत आदर आहे. सूची पुरी करायला महिने लागतात, आणि जो महिने देतो तो त्या संशोधकाला वाचतोच. मला या पद्धतीचा अभिमान वाटतो, कारण ती एका ग्रंथालयात बसून घडली.

मग २००५ आलं. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एकच आकडा सुचवला. एखाद्याचे दहा निबंध असे असतील की प्रत्येकाचा उल्लेख किमान दहा वेळा झाला आहे, तर त्याचा एच-इंडेक्स दहा. ज्याचा एकच निबंध जगाने हजार वेळा वापरला, त्याचा इंडेक्स एक. आदल्याच वर्षी उल्लेख आपोआप मोजणारे स्कोपस आणि गुगल स्कॉलर सुरू झाले होते, त्यामुळे हा आकडा काढायला आता कुणाचेही महिने लागणार नव्हते. बटण दाबलं की झालं. सूची करणारा माणूस मधून निघून गेला.

आमच्याकडे हे वारं २०१० मध्ये आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांची पद्धत आणली. तिला सगळे एपीआय म्हणत. परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या निबंधाला पंधरा गुण, परीक्षण न होणाऱ्या पण आयएसएसएन असलेल्यातल्या निबंधाला दहा. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांच्या उल्लेखांची सरासरी, असेल तर आणखी वर. निबंध अनेकांचा असेल तर पहिला लेखक आणि मार्गदर्शक यांना मिळून साठ टक्के, उरलेले चाळीस बाकीच्यांत. म्हणजे चौघांच्या पंधरा गुणांच्या निबंधात पहिल्याला साडेचार, मार्गदर्शकाला साडेचार, आणि उरलेल्या दोघांना तीन-तीन. आमचे लोक तोंडपाठ हिशेब करू लागले.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मी आवर्जून लिहिते. मराठवाड्यात पूर्वी बढती कशी मिळे हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना लेखी, सर्वांना सारखा नियम हवाच होता. ओळखीपाळखीपेक्षा कागद बरा. पण ज्या महाविद्यालयात आठवड्याला तास भरपूर, प्रयोगशाळा नावाची, आणि स्कोपसची वर्गणी परवडणं दूरच, तिथल्या माणसाला एकाएकी वर्षाला अमुक गुण जमवायला लावलं की तो काय करणार? एक दिवस एक प्राध्यापक माझ्या टेबलाशी आले. हातात एका कुठल्याशा नियतकालिकाचा अंक आणि पैसे भरल्याची पावती. "मॅडम, याला आयएसएसएन आहे. दहा तरी धरता येतील ना?" मी त्यांना सांगितलं, की आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक असतो, दिल्लीच्या कार्यालयाकडे अर्ज केला की नियतकालिकाला तो मिळतो, आत काय छापलं आहे ते कुणी तपासत नाही. त्यांना ते पटलं. तरी अर्ज त्यांना त्याच आठवड्यात द्यायचा होता. ते माणूस म्हणून आणि शिक्षक म्हणून उत्तम होते. त्यांची मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. त्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

पुढचा इतिहास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडला. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. तिच्यात अडतीस हजारांहून अधिक नावं होती. २०१८ च्या मे महिन्यात त्यातून ४,३०५ वगळली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेली आणि कुठल्याही मोठ्या सूचीत नसलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. कुणाचा पत्ताच खोटा, कुणाच्या संपादकांचा ठावठिकाणा नाही. त्यानंतर केअर यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाललं. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली आणि नियतकालिकाची पारख आता संस्थांनीच करावी असं ठरलं. जगातही दरम्यान शहाणपणाच्या गोष्टी बोलल्या गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्याने २०१३ मध्ये सांगितलं, की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून त्यातल्या निबंधाची किंवा लेखकाची किंमत करू नका. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक भाषेतल्या, स्थानिक प्रश्नावरच्या संशोधनाला जपा म्हटलं. आमच्या जिल्ह्यासाठी मला यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आणि मुख्य गोष्ट सहकार्याची. सहलेखक मोजून सहकार्य मोजता येतं, असं सगळे आकडे धरून चालतात. तेरचा इतिहास त्याला साफ खोटं ठरवतो. फ्लीटांचा निबंध एकट्याचा, कझिन्सचा अहवाल एकट्याचा, बॅरेटची पुस्तिका एकट्याची. तक्त्यात भरलं तर तेरवर काम करणाऱ्यांत सहकार्य शून्य. पण बॅरेट ज्या वस्तू पाहून लिहीत होते, त्या जमवल्या कुणी?

माझं माहेर तेरपासून जवळ. पहिला मोठा पाऊस पडून गेला की पांढरीच्या टेकड्यांवर माती धुपून मणी उघडे पडतात, हे आम्हा मुलींना ठाऊक होतं. आम्ही ते वेचून दोऱ्यात ओवत असू. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेच काम आयुष्यभर आणि डोळसपणे केलं. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंताच्या वस्तू, अशा हजारो चिजा त्यांनी गावातल्या लोकांकडून, शेतांतून, टेकड्यांवरून गोळा केल्या आणि सांभाळल्या. त्यातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं आणि तिथली मूर्ती १९३८ साली बाहेर आली. तेरच्या मूर्तीमुळे त्या मूर्तीचं माहेर दख्खनमध्ये शोधता आलं. आज तेरचं शासकीय संग्रहालय लामतुऱ्यांच्या नावाने आहे, आणि उत्तरेश्वराच्या मंदिराची कोरीव लाकडी चौकटही तिथे ठेवली आहे. पण शोधनिबंधांत लामतुरे भेटतात ते छायाचित्राखाली: 'लामतुरे संग्रह, तेर'. छायाचित्राखालची ओळ कोणताही निर्देशांक मोजत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की सातवाहनकालीन व्यापारावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत ज्यांनी लिहिलं त्यांतल्या अनेकांचे लामतुरे हे सहलेखक आहेत. त्यांना साठ टक्क्यांतले धरा की चाळीसमधले, धरलं पाहिजे.

पारख करण्याची एक जुनी रीत तेरच्याच परंपरेत सांगतात. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली असता, ज्या थापटीने मडकी ठोकून बघायची त्याच थापटीने काकांनी एकेकाचं डोकं थापटलं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. नामदेव रुसले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले. त्या कथेत पारखणारा स्वतः त्या कामातला होता, प्रत्येकापर्यंत चालत गेला, आणि निर्णयानंतर ज्याला कच्चं म्हटलं त्याला शिकायची वाट मोकळी राहिली. तज्ज्ञाकडून होणाऱ्या परीक्षणाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते.

आता मराठीचं. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात. तुळजाभवानीवर काही लिहायचं तर रामचंद्र चिंतामण ढेरे यांच्या वाटेने गेल्याशिवाय गत्यंतर नाही. शंभरहून अधिक पुस्तकं त्यांनी लिहिली, ती मराठीत. 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' १९८४ चं, त्याला १९८७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अ‍ॅन फेल्डहाऊस यांचं इंग्रजी भाषांतर आलं २०११ मध्ये. म्हणजे मराठी न वाचणाऱ्या अभ्यासकाला आपल्या तळटीपेत ढेऱ्यांचं हे पुस्तक घालता यायला सत्तावीस वर्षं लागली. मधल्या काळात मराठी जाणणारे परदेशी विद्वान त्यांच्या घरी जात, तासन्‌तास बसत. इकडे मराठीत किती प्रबंध, किती लेख, किती देवस्थानांच्या पुस्तिका ढेऱ्यांवर उभ्या आहेत याची गणती कुणी केलेली नाही, कारण मराठीत उल्लेखांची सूचीच नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं 'संशोधक', मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' यांच्या तळटीपा एकत्र करून कुणी लावल्या, तर मराठी विद्येचं जे चित्र निघेल ते आजच्या कोणत्याही आकड्यात नाही.

हे अशक्य आहे असं मी मानत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची करून १९४३ मध्ये छापली. १९५० पर्यंतचा पुढचा खंड १९६१ मध्ये काढला. संगणक नव्हता. मराठीतली बहुतेक सगळी संशोधनं त्या दोन जाडजूड खंडांच्या आधाराने झाली आहेत आणि बहुतेकांच्या संदर्भयादीत दाते नाहीत. फ्लीटांचं झालं तेच त्यांचं झालं. एका माणसाने पुस्तकं लावली. तळटीपा लावायला काही जिल्ह्यांतले ग्रंथपाल एकत्र आले तर पुरेत.

मी तेरपासून सुरुवात केली आहे. एका वहीत तेर आणि तगर यांवरचं मराठी लेखन नोंदवते: अंक, प्रबंध, स्मरणिका, गोरोबाकाकांच्या यात्रेनिमित्त निघालेल्या पुस्तिकासुद्धा. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहिते. त्या लेखकाने कुणाचं नाव घेतलं. कुणाचं घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही. आणि घेतलं ते कशासाठी, मान्य करायला, खोडायला की नुसतं यादी भरायला. तिसऱ्या रकान्यासाठी मूळ लेख वाचावाच लागतो, म्हणून काम सावकाश चालतं. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये छापील चुका कशा एका संदर्भयादीतून दुसरीत जशाच्या तशा उतरतात हे पाहून अंदाज केला होता, की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याने मूळ निबंध वाचलेला असतो. माझ्या वहीत फ्लीटांचं नाव आलेल्या नोंदी पाहताना मला त्या अंदाजावर विश्वास बसतो.

महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायलीत या वहीला जागा नाही. पण गेल्या वर्षी इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने लामतुऱ्यांच्या संग्रहावर लघुप्रबंध लिहायला घेतला, तेव्हा तिने पहिल्यांदा ही वही मागितली, आणि तिच्यामुळे मला दोन जुन्या स्मरणिका मिळाल्या ज्या माझ्याकडे नव्हत्या. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात फ्लीट आहेत, पानांकासह. कझिन्स आहेत, चापेकर आहेत, आणि रामलिंगप्पा लामतुरे छायाचित्राखाली नाहीत, मजकुरात आहेत. ज्यांच्याकडे तेरबद्दलचे जुने अंक, कात्रणं, स्मरणिका पडून असतील त्यांनी त्या जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखवाव्यात. नोंद करून परत मिळतील.